फिलिपिन्सचं राजकारण बाहेरच्या माणसाने कसं वाचायचं: बारांगायपासून वर

फिलिपिन्सच्या राजकारणाबद्दल बाहेरची माणसं साधारण दोनच गोष्टी बोलतात. एक म्हणजे या लोकांनी १९८६ मध्ये फर्डिनांड मार्कोस या हुकूमशहाला रस्त्यावर उतरून घालवलं आणि २०२२ मध्ये त्याच्याच मुलाला राष्ट्राध्यक्ष केलं, तेव्हा यांना काही लक्षातच राहत नाही. दुसरी म्हणजे इथे नट, बॉक्सर, टीव्हीवरचे निवेदक सेनेटमध्ये जातात, सगळा नुसता तमाशा आहे. मी नोकरीमुळे मेट्रो मनिलातल्या केसोन सिटीत राहतो, इथल्या लोकांत रोज उठबस आहे, आणि माझं ठाम मत आहे की ही दोन वाक्यं डोक्यात ठेवून बघायला बसलात तर काहीही कळणार नाही, उलट समोरचा माणूस तुमच्याशी मोकळेपणाने बोलायचाच बंद होईल.

त्यामुळे हे कसं बघायचं, कुठून सुरुवात करायची, काय वाचायचं, कुणाचं ऐकायचं आणि परदेशी म्हणून कुठे थांबायचं ते लिहितोय. इथे शिकायला किंवा कामाला येणाऱ्यांना उपयोग होईल, आणि लांबून नुसता रस असलेल्यांनाही.

राष्ट्राध्यक्ष राहू द्या, आधी बारांगाय बघा

सगळे मालाकान्यांग पॅलेसपासून, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या निवासापासून सुरू करतात. तुम्ही खालून सुरू करा. देशात साधारण ४२,००० बारांगाय आहेत, म्हणजे प्रशासनाचा सगळ्यात खालचा घटक, गावात गावाएवढा आणि शहरात दोनचार गल्ल्यांएवढा. एक पुनोंग बारांगाय, ज्याला सगळे कॅप्टन किंवा नुसतं 'काप' म्हणतात, सात कागावाद म्हणजे सदस्य, आणि सांगुनियांग काबाताआन म्हणजे तरुणांची कौन्सिल, जिच्यासाठी १५ ते ३० वयाची पोरंपोरी मतदान करतात. पंधराव्या वर्षी मत देता येतं ही गोष्ट मला खरंच आवडते.

माणसाचा सरकारशी पहिला संबंध इथेच येतो. नोकरीला लागायचं तर बारांगाय क्लिअरन्स म्हणजे बारांगायचा दाखला आणा, मदत हवी असेल तर बारांगायच्या यादीत नाव पाहिजे. शेजारी मध्यरात्रीपर्यंत व्हिडिओकेवर गातोय आणि तुम्हाला झोप येत नाहीये तर पोलिसांकडे धावत कुणी जात नाही, बारांगाय हॉलमध्ये जाऊन ब्लॉटरमध्ये नोंद करतात. टेबलामागे एक बाई जाड रजिस्टर उघडून तारीख, वेळ, कुणाविरुद्ध, काय झालं सगळं हाताने लिहून घेते, मग दुसऱ्या पार्टीला बोलावणं जातं, आणि काप दोघांना प्लास्टिकच्या खुर्च्यांवर समोरासमोर बसवतो. एकाच शहरात राहणाऱ्या दोन माणसांचे बरेचसे वाद कायद्यानेच आधी इथे यावे लागतात, त्याशिवाय कोर्ट केस घेत नाही, आणि या बैठकीला वकील आणायला परवानगी नाही. आपलं गाऱ्हाणं आपल्याच तोंडाने मांडायचं. इथल्या लोकांना पुढाऱ्याची ओळख का लागते, कायद्याच्या कलमापेक्षा समोरच्या माणसावर त्यांचा भरवसा का असतो, हे मला पुस्तकांपेक्षा या खुर्च्यांकडे बघून जास्त कळलं.

आता यात राजकारण कुठून आलं? बारांगायची निवडणूक कागदोपत्री बिनपक्षीय असते पण मेयरची सगळी यंत्रणा कापच्या खांद्यावर उभी असते, काप कुणाच्या बाजूला आहे यावर सेनेटरपर्यंतची मतं हलतात. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सरकारने गरीब कुटुंबांना प्रांताप्रमाणे ५,००० ते ८,००० पेसो महिना अशी दोन महिन्यांची मदत जाहीर केली तेव्हा यादीत कोण आलं आणि कोण राहिलं यावरून गल्लोगल्ली भांडणं झाली. या मदतीला इथे आयुडा म्हणतात, हा शब्द रोज कानावर पडणार. आयुडाच्या पिशवीवर मेयरचा फोटो, रस्त्यावरच्या बॅनरवर मेयरचा फोटो, बास्केटबॉलच्या झाकलेल्या कोर्टाच्या छपरावर मोठ्या अक्षरात आडनाव, पैसा सगळा सरकारी. असं नाव लावणाऱ्याला लोक एपल म्हणतात, चिडतात, आणि पिशवी घेतात, कारण पिशवीची गरज असते.

तर करायचं काय, एक बारांगाय निवडा. इथे राहत असाल तर तुमचाच, नाहीतर कुठलाही. बहुतेकांचं फेसबुक पेज असतं, तिथे पाणी कधी येणार, लसीकरण कुठे, पूर आला तर कुठल्या शाळेत जायचं, सगळं टाकतात. मार्च आणि ऑक्टोबरमध्ये बारांगाय असेम्ब्ली भरते, त्यात कापने जमाखर्च सांगायचा असतो, तो ऐका. दोनचार महिने हे बघितलंत की मग टीव्हीवरची भाषणं वेगळी ऐकू यायला लागतात.

आडनावांचा कागद

दुसरं काम. एक प्रांत घ्या, कागद घ्या, आणि गव्हर्नर, व्हाइस गव्हर्नर, काँग्रेसमन, मोठ्या शहराचा मेयर यांची नावं लिहून काढा, शेजारी मागच्या दोन निवडणुकांची पण लिहा. बहुतेक ठिकाणी तीच दोनतीन आडनावं खुर्च्या बदलताना दिसतील. दावाओ शहरात दुतेर्ते, इलोकोस नोर्तेत मार्कोस हे सगळ्यांना माहितीये, पण हे नावाजलेल्या घराण्यांपुरतं नाही, छोट्या गावातही हेच. मे २०२५ च्या निवडणुकीनंतर २४ जणांच्या सेनेटमध्ये भावंडांच्या चार जोड्या बसल्या: कायेतानो, व्हिलार, तुल्फो, आणि माजी राष्ट्राध्यक्ष एस्त्रादांचे दोन मुलगे, जे एकमेकांचे सावत्र भाऊ आहेत. चोवीसातले आठ!

१९८७ च्या राज्यघटनेत राजकीय घराणेशाहीला बंदी आहे, स्पष्ट लिहिलंय, फक्त पुढे 'कायद्यात व्याख्या केल्याप्रमाणे' असं जोडलंय, आणि तो कायदा काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने करायचा, आणि काँग्रेसमध्ये कोण बसलंय ते तुमच्या कागदावर आहेच. इतक्या वर्षांत तो झाला नाही. २०१६ मध्ये एका ठिकाणी मात्र नियम आला, तरुणांच्या कौन्सिलला. निवडून आलेल्या पुढाऱ्याच्या जवळच्या नातेवाइकाला तिथे उभं राहता येत नाही. म्हणजे अठरा-वीस वर्षांच्या मुलांना जो नियम लागतो तो सेनेटरना लागत नाही, आणि याचा राग इथल्या तरुणांच्या बोलण्यात सारखा येतो, तो रास्त आहे.

एक गोष्ट मला उशिरा लक्षात आली. सलग तीन टर्मची मर्यादा मार्कोसच्या वीस वर्षांनंतर कुणी खुर्चीला चिकटून बसू नये म्हणून घातली होती, पण झालं असं की तीन टर्म संपल्या की बायको उभी राहते, मग मुलगा, मग परत नवरा. हेतू चांगला असून उलटा परिणाम झाला, म्हणून कुठलाही नियम वाचताना त्यातून वाट काढायला कोण मोकळं आहे ते आधी बघायचं.

पक्षांवर वेळ घालवू नका. पक्षाचं नाव बघून विचारसरणी शोधायला गेलात तर गोंधळ होईल, कारण नवा राष्ट्राध्यक्ष आला की काही आठवड्यांत निम्म्याहून जास्त काँग्रेसमन त्याच्या बाजूला येतात. मतदारसंघातल्या रस्त्यांचा, दवाखान्यांचा पैसा तिकडून सुटतो, त्यामुळे विरोधात बसणं त्यांना परवडत नाही. असं उड्या मारणाऱ्याला बालिम्बिंग म्हणतात.

आणि हे विसरू नका की राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष वेगवेगळे निवडून येतात, दोघांचं पटेलच असं नाही. २०१६ मध्ये दुतेर्ते राष्ट्राध्यक्ष आणि विरोधी गटाच्या लेनी रोब्रेदो उपराष्ट्राध्यक्ष होत्या. २०२२ मध्ये बोंगबोंग मार्कोस आणि सारा दुतेर्ते एकत्र लढून प्रचंड मतांनी आले आणि मग फाटलं, इतकं की ५ फेब्रुवारी २०२५ ला हाऊसने, म्हणजे काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहाने साराविरुद्ध महाभियोग मंजूर केला, ११ मार्चला तिच्या वडिलांना, म्हणजे माजी राष्ट्राध्यक्ष दुतेर्तेंना अटक करून ड्रग्जविरोधी मोहिमेतल्या हत्यांच्या प्रकरणात हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे नेलं, जुलैमध्ये सुप्रीम कोर्टाने तो महाभियोग घटनाबाह्य ठरवला. मधल्या मे महिन्यात हेगच्या कोठडीत असलेले रोद्रिगो दुतेर्ते दावाओचे मेयर म्हणून निवडून आले. ही घटनांची माळ डावे-उजवे असे कप्पे करून समजणार नाही. कुठलं घराणं, कुठला प्रदेश, कुणाची भाषा, हे घेतलं तर समजते. उत्तरेत इलोकानो भाषिकांचा मार्कोसकडे ओढा, दक्षिणेतल्या मिंडानाओत दुतेर्ते, बिकोलमध्ये रोब्रेदो, आणि मतं भरपूर म्हणून सगळे सेबूच्या मागे.

एड्साचा इतिहास पूर्ण वाचा, अर्धा नको

एड्सा हा मनिलातला हायवे, १९८६ चं आंदोलन तिथे झालं म्हणून त्यालाही हेच नाव पडलं. २१ सप्टेंबर १९७२ ही मार्कोसनी लादलेल्या मार्शल लॉच्या कागदावरची तारीख. २१ ऑगस्ट १९८३ ला विरोधी नेते निनॉय आकिनोंची मनिला विमानतळावर हत्या. ७ फेब्रुवारी १९८६ ला अचानक घेतलेली निवडणूक, आणि दोनच दिवसांनी मतमोजणीच्या संगणकांवर बसलेले कर्मचारी, ज्यात बऱ्याच तरुण मुली होत्या, पडद्यावरचे आकडे आणि फलकावरचे आकडे जुळत नाहीत म्हणून काम सोडून बाहेर पडले. हा प्रसंग माझ्या फार जवळचा आहे, कारण त्या क्षणी त्यांच्या मागे लाखोंची गर्दी नव्हती, नुसती डिस्केटं हातात घेऊन ती माणसं चालत बाहेर आली. मग २२ ते २५ फेब्रुवारी, मनिलाचे आर्चबिशप कार्डिनल सिन यांनी चर्चच्या रेडिओ व्हेरितासवरून लोकांना बोलावलं, एड्सा हायवेवर रणगाड्यांसमोर जपमाळ धरलेल्या नन्स, आणि मार्कोस कुटुंब हवाईला.

बाहेरचे लोक इथे थांबतात. तुम्ही पुढे वाचा. जानेवारी २००१ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष एस्त्रादांविरुद्ध एड्सा दोन झालं, एसएमएसवरून लोक जमले. पण त्याच वर्षी मे महिन्याच्या पहिल्या दिवशी एस्त्रादांच्या बाजूने झोपडपट्ट्यांमधून प्रचंड लोक आले आणि मालाकान्यांगवर चालून गेले, त्याला एड्सा त्रेस म्हणतात, आणि त्याच्याबद्दल मध्यमवर्ग आणि वर्तमानपत्रं अजूनही नाक मुरडून बोलतात. गरिबांचा मोर्चा गर्दी ठरला आणि मध्यमवर्गाचा मोर्चा क्रांती. ही जखम कळल्याशिवाय २०१६ कळत नाही आणि २०२२ तर नाहीच.

आमच्या गल्लीत सारी-सारी म्हणजे छोटं किराणा दुकान चालवणाऱ्या एक बाई आहेत, त्यांना सगळे नानाय, म्हणजे आई, म्हणतात. १९८६ ला त्या भावाबरोबर एड्सावर गेल्या होत्या, सैनिकांना पाव वाटले होते. २०२२ ला त्यांनी मार्कोसना मत दिलं. मी कारण विचारलं नव्हतं, एकदा वीज गेली होती आणि दुकानात मेणबत्तीवर बसून त्या आपणहून बोलल्या. एड्सानंतर आम्हाला काय मिळालं, असं त्यांचं साधं म्हणणं होतं: भाड्याचं घर तेच, नळाचं पाणी कितीतरी वर्षांनी आलं, मुलगा रियाधला गेला तो नातवंडांना फोनवरच बघतो, आणि ज्या मोठ्या घरातल्यांनी एड्साचे पुतळे उभे केले ते आमच्या गल्लीत कधी आले नाहीत. त्यांना सगळं लख्ख आठवतं. त्यावर फोनमध्ये यूट्यूबवरचे मार्कोसच्या काळाला सुवर्णकाळ म्हणणारे व्हिडिओ येऊन बसले, आणि ते बसले कारण जागा रिकामी होती.

त्यांचं ऐकायचं म्हणजे मार्शल लॉवर पांघरूण घालायचं असा अर्थ अजिबात नाही. सरकारी मंडळाने रीतसर तपासून ११,१०३ जणांना मार्शल लॉच्या काळातल्या अत्याचारांचे बळी म्हणून मान्यता दिलीय. केसोन सिटीत बांतायोग ङ मगा बायानी नावाची जागा आहे, तिथे काळ्या ग्रॅनाइटच्या भिंतीवर नावं कोरलीत, तिथे जाच. दोन्ही गोष्टी एकदम डोक्यात धरायला लागतात आणि ते जड जातं.

बातम्या कुठून घ्यायच्या, आणि मालक कोण

इथे जरा जास्त वेळ द्या. बातमी वाचायच्या आधी ती कुणाची आहे ते बघायची सवय लावा. घटनेनुसार मीडियाची मालकी १०० टक्के फिलिपिनो नागरिकांकडेच पाहिजे, त्यामुळे परदेशी कंपनी नसते, पण मोठी देशी घराणी असतात. वर्तमानपत्रांपैकी इन्क्वायरर प्रिएतो कुटुंबाकडे, स्टार पांगिलिनान यांच्या उद्योगसमूहाकडे, मनिला बुलेटिन याप कुटुंबाकडे. टीव्ही-रेडिओला तर काँग्रेसने दिलेला फ्रँचायझी लागतो, म्हणजे ज्या काँग्रेसवर टीका करायची तिनेच परवानगी द्यायची.

याचं काय होऊ शकतं ते २०२० मध्ये दिसलं. एबीएस-सीबीएन हे देशातलं सगळ्यात मोठं नेटवर्क, फ्रँचायझी संपला, ५ मे ला लॉकडाऊनच्या मधोमध बंद करायला लावलं, आणि १० जुलैला हाऊसच्या समितीने ७० विरुद्ध ११ मतांनी नूतनीकरण नाकारलं. मनिलात बसून हा प्रेस फ्रीडमचा प्रश्न वाटतो, तो आहेच, पण लांबच्या बेटांवर जिथे फक्त त्यांचंच सिग्नल पोचायचं तिथल्या लोकांचा चक्रीवादळाच्या बातम्यांचा आधार गेला. पुढे २०२२ मध्ये त्यातल्या फ्रीक्वेन्सी व्हिलार कुटुंबाच्या कंपनीला मिळाल्या. तुमच्या आडनावांच्या कागदावर हे पण लिहून ठेवा.

रोजचा क्रम मी असा सुचवेन. सकाळी अर्धा तास रेडिओ, डीझेडबीबी किंवा डीझेडआरएच, भाषा सगळी कळली नाही तरी चालेल, कुठलं नाव सारखं येतंय आणि कुठल्या सुरात येतंय ते ऐका. एक इंग्रजी पेपर. रॅप्लर ही बातम्यांची वेबसाइट वाचा, तिच्या मारिया रेसा यांना २०२१ चं शांततेचं नोबेल मिळालं ते त्यांच्या लढ्यासाठी, आणि रॅप्लरवर परवाना रद्द करण्यापासून सायबर बदनामीपर्यंत किती खटले झाले ते पण वाचा. पीसीआयजे आणि व्हेरा फाइल्स महिन्यातून दोनतीनदा तरी, हे लोक कागदपत्रं खणून काढतात. आणि मनिलाच्या बाहेरचं एक तरी, मिंडान्यूज किंवा सनस्टार, कारण मनिलाचे पेपर दक्षिणेबद्दल फक्त बॉम्ब फुटला की लिहितात.

प्रांतातल्या रेडिओचं वेगळं प्रकरण आहे. तिथे ब्लॉकटाइमर असतात, म्हणजे निवेदक स्टेशनकडून वेळ विकत घेतो आणि स्वतः जाहिराती आणून कार्यक्रम चालवतो. त्यात कुणी पुढाऱ्याच्या पैशावर बोलतो, कुणी जिवावर उदार होऊन भ्रष्टाचार बाहेर काढतो, आणि ऐकणाऱ्याला ते लगेच ओळखता येत नाही. मारले जातात ते पत्रकार जास्त करून या रेडिओवालेच, ऑक्टोबर २०२२ मध्ये तर रेडिओ निवेदक पर्सी लापिद यांना मेट्रो मनिलातच लास पिन्यासमध्ये गोळ्या घातल्या. आणि २३ नोव्हेंबर २००९ चं मागिंदानाओ हत्याकांड वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका: गव्हर्नरपदाचा अर्ज भरायला निघालेल्या ताफ्यातले आणि त्या रस्त्यावर सापडलेले मिळून ५८ जण मारले गेले, त्यातले ३२ पत्रकार आणि मीडियातले कर्मचारी. शिक्षा व्हायला डिसेंबर २०१९ उजाडला.

रेडिओ-टीव्हीचा अजून एक उपयोग आहे. ज्याला नवऱ्याने टाकलंय, मालकाने पगार दिला नाहीये, तो माणूस कोर्टात जायच्या ऐवजी निवेदकाकडे जातो, आणि निवेदक कॅमेऱ्यासमोर त्या मालकाला किंवा अधिकाऱ्याला फोन लावतो. राफी तुल्फो यातूनच घराघरात पोचले आणि २०२२ मध्ये सेनेटर झाले. बाहेरून हा तमाशा दिसतो. पण कोर्टात वर्षानुवर्षं काढायची ऐपत नसलेल्या बाईला तिथे दहा मिनिटांत कुणीतरी ऐकून घेतं, आणि हे समजलं की टीव्हीवरची माणसं निवडून का येतात याचं निम्मं उत्तर मिळतं.

फेसबुकबद्दल एवढंच: मोबाईल कंपन्यांनी अनेक वर्षं फेसबुक फुकट किंवा अगदी स्वस्त दिलं आणि बातमीच्या लिंकवर क्लिक केलं की मात्र डेटा कापला जायचा, त्यामुळे असंख्य लोकांनी वर्षानुवर्षं फक्त मथळा आणि खालच्या कमेंट वाचल्या. लोक भोळे आहेत म्हणण्याआधी हे लक्षात घ्या. तुम्ही स्वतः दोन्ही बाजूंचे व्लॉगर फॉलो करा, आणि शंका आली की त्सेक डॉट पीएचवर बघा, तिथे विद्यापीठं आणि पत्रकार मिळून तपासणी करतात.

सर्व्हेसाठी दोनच नावं पुरेशी आहेत, एसडब्ल्यूएस आणि पल्स एशिया. नेहमीचा सॅम्पल १,२०० लोकांचा, चूक साधारण तीन टक्के. उमेदवारांच्या टक्केवारीपेक्षा एसडब्ल्यूएसचे भुकेचे आणि 'तुम्ही स्वतःला गरीब समजता का' हे आकडे जास्त लक्ष देऊन बघा.

पैशाचा माग

२०१३ मध्ये इन्क्वायररने पोर्क बॅरलचा घोटाळा बाहेर काढला. खासदारांचा विकासनिधी बनावट संस्थांमधून जात होता. २६ ऑगस्टला मनिलाच्या लुनेता पार्कात प्रचंड लोक जमले, आणि त्याची सुरुवात एका फेसबुक पोस्टने झाली होती. नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने तो निधीच घटनाबाह्य ठरवला. लोकांना वाटलं संपलं.

२०२५ मध्ये पूरनियंत्रणाचं प्रकरण आलं. राष्ट्राध्यक्षांनी स्वतःच ऑगस्टमध्ये सांगितलं की तीन वर्षांत ५४५ अब्ज पेसोंची कामं झाली आणि त्यातला पाचवा हिस्सा फक्त १५ ठेकेदारांकडे गेला. बुलाकान प्रांतात बालिवागला ५५ दशलक्ष पेसोंची नदीकाठची भिंत कागदावर १०० टक्के पूर्ण होती आणि जागेवर काहीच नव्हतं. ज्या बारांगायमध्ये दरवर्षी पाणी छातीपर्यंत येतं, शाळकरी मुलं टायरवर बसून शाळेत जातात, तिथल्या लोकांनी हे ऐकलं. १७ सप्टेंबरला हाऊसचे स्पीकर मार्टिन रोमुआल्देझ यांनी पद सोडलं, २१ सप्टेंबरला, मार्शल लॉच्याच तारखेला, लुनेतावर आणि एड्सावर मोर्चे निघाले.

तुम्हाला यात काय करता येईल? सरकारने तक्रारींसाठी जी साइट काढली, सुम्बोंग सा पांगुलो, तिच्यावर प्रकल्पांची यादी जागेसह दिली आहे. तुम्ही निवडलेल्या बारांगायच्या आसपास काय दाखवलंय ते बघा, ठेकेदाराचं नाव बघा, तेच नाव अजून कुठे आहे ते शोधा. शिवाय साल्न म्हणजे अधिकाऱ्यांचं मालमत्तेचं विवरणपत्र, त्याला इथे खूप वजन आहे, २०१२ मध्ये सरन्यायाधीश कोरोना यांना विवरणपत्रात संपत्ती न दाखवल्याबद्दल सेनेटने २० विरुद्ध ३ मतांनी पदावरून काढलं होतं. माहितीच्या अधिकाराचा कायदा संसदेने अजून केलेला नाही, २०१६ चा एक आदेश आहे तो फक्त कार्यकारी खात्यांना लागू होतो. सेनेटच्या ब्लू रिबन समितीच्या, म्हणजे भ्रष्टाचाराची चौकशी करणाऱ्या समितीच्या सुनावण्या लाइव्ह असतात, तासन् तास चालतात, त्या एकदा तरी पूर्ण बघा, कापलेल्या क्लिप नाही.

मतदानाचा दिवस, आणि बाकीचे दिवस

मे महिन्याचा दुसरा सोमवार. सरकारी शाळांमध्ये मतदान, वर्गातल्या बाकांवर लोक बसून कागदी मतपत्रिकेवरचे गोल काळे करतात, सेनेटसाठी १२ नावं निवडायची असतात, मग मशीनमध्ये सरकवायची. मशीनजवळ बसलेले बहुतेक त्याच शाळेचे शिक्षक असतात, पहाटेपासून रात्रीपर्यंत, आणि निवडणुकीतला माझा सगळ्यात जास्त आदर त्यांच्यासाठी आहे. आदल्या दिवसापासून दारूबंदी असते. मतं विकत घेण्याचे प्रकार होतात, सॅम्पल बॅलटला नोटा जोडून देतात. पीपीसीआरव्ही ही चर्चच्या पॅरिशमधून चालणारी संघटना, तिचे स्वयंसेवक मशीनमधून निघालेले छापील निकाल हाताने ताडून बघतात. निकालाच्या रात्री टीव्हीवर आकडे धडाधड येतात तेव्हा आधी कुठल्या प्रदेशातले आलेत ते बघा.

पण नागरिकपण निवडणुकीत शोधायला गेलात तर बरंच निसटेल. एप्रिल २०२१ मध्ये केसोन सिटीच्या मागिन्हावा स्ट्रीटवर एका तरुणीने बांबूची हातगाडी लावली, त्यात भाजी, तांदूळ, मास्क, आणि पुठ्ठ्यावर लिहिलं की ऐपतीप्रमाणे द्या, गरजेप्रमाणे घ्या. काही दिवसांत देशभर अशा शेकडो गाड्या लागल्या. शेतकरी रताळी आणून टाकत होते, मच्छीमार मासे. आणि मग पोलीस चौकशीला आले, सरकारी पानांवरून या लोकांना कम्युनिस्ट म्हणायला लागले. याला रेड-टॅगिंग म्हणतात आणि हे हलकं घेऊ नका, २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की यामुळे माणसाच्या जिवाला आणि स्वातंत्र्याला धोका होतो. म्हणून कुणा कार्यकर्त्याचा फोटो, नाव, पत्ता कौतुकाने सुद्धा पोस्ट करू नका, विचारल्याशिवाय तर नाहीच.

चर्चला बाजूला ठेवून काही समजत नाही. घटस्फोटाचा सर्वसाधारण कायदा अजून नाही, मुस्लिमांसाठी वेगळी तरतूद आहे. पण बिशप सांगतील तसं सगळे वागतात असंही नाही, २०१२ मध्ये त्यांचा कडाडून विरोध असताना कुटुंबनियोजनाचा कायदा झाला. इग्लेसिया नी क्रिस्तो हा वेगळा पंथ मात्र गठ्ठ्याने मतदान करतो, त्यामुळे उमेदवार त्यांच्या दारी जातात.

परदेशी म्हणून कुठे थांबायचं

मोर्चात जाऊ नका. लुनेताला लोकांचा सागर बघून पाय ओढतात, मला माहितीये, पण इमिग्रेशन ब्युरो दरवेळी इशारा देतं की परदेशी माणसाने राजकीय कार्यक्रमात भाग घेतला तर हद्दपारी होऊ शकते, आणि निवडणुकीत कुठल्याही प्रकारे लुडबुड करायला परदेशी माणसाला कायद्यानेच बंदी आहे. पॅट्रिशिया फॉक्स नावाच्या सत्तरी ओलांडलेल्या ऑस्ट्रेलियन नन २७ वर्षं इथे शेतकऱ्यांमध्ये काम करत होत्या, त्यांना २०१८ मध्ये देश सोडावा लागला. विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांनी तर टी-शर्टच्या रंगाचाही विचार करावा, निवडणुकीच्या दिवसांत गुलाबी, लाल, हिरवा, पिवळा सगळ्यांना अर्थ असतो.

बोलताना वयाने मोठ्यांना कुया (दादा), आते (ताई), नानाय म्हणा, वाक्यात आदराचा पो लावा, कॅप्टन माजी झाला तरी त्याला काप म्हणा. कुणाला मत दिलं असं थेट विचारू नका. इथला पूर कधीपासून येतो, पाण्याची लाइन कुणाच्या वेळी आली, आजारपणात दवाखान्याच्या बिलासाठी कुणाकडे गेला होतात, असं विचारा. उत्तरात एखाद्या मेयरचं, काँग्रेसमनचं नाव येईल, ते लिहून ठेवा. ज्याच्याबद्दल तुम्ही पेपरात भयंकर वाचलंय त्याचंच नाव आलं तर लगेच पुरावे काढून दाखवू नका, बिल किती होतं आणि बाकीचे पैसे कुठून आणले हे विचारा. मग घरी येऊन त्या माणसाचं आडनाव तुमच्या कागदावर कुठे बसतं ते बघा.